सगळं ओके, तरी बफर निघेना

स्लॅकवेअर या लिनक्स वितरणावर एखादं पॅकेज टाकताना त्याला आणखी काय काय लागतं, हे संगणक तुम्हाला सांगत नाही. 'इन्स्टॉलपीकेजी' ही कमांड दिलेलं पॅकेज उलगडते, फायली जागच्या जागी ठेवते, नोंद करते आणि मोकळी होते. बाकीचं ज्याचं त्यानं पाहायचं. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी १९९३ च्या जुलैत हे वितरण पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, तेव्हापासूनची ही रीत आहे. आमच्या संस्थेसाठी मी ते मुद्दाम निवडलं. गावोगावचे पाणलोटाचे नकाशे करणं हे आमचं काम; यंत्रं जुनी, इंटरनेट बेभरवशाचं. एकदा बसवलेलं यंत्र वर्षानुवर्षं आपणहून काही न बदलता चालत राहावं ही आमची गरज, आणि ती स्लॅकवेअरने फार चांगली भागवली आहे. त्यामुळे पुढचं लिखाण ही तक्रार नाही. सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधणाऱ्या, आणि त्यातही दुसऱ्याच्या क्यू फाइलच्या, म्हणजे बांधणीच्या यादीच्या, भरवशावर बांधणाऱ्या नव्या मंडळींच्या रात्री वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी लिहिते आहे.

स्लॅकवेअरसोबत जे येत नाही ते बहुतेक जण स्लॅकबिल्ड्सच्या भांडारातून घेतात. २००६ पासून स्वयंसेवक ते चालवत आहेत. तिथे तयार पॅकेज मिळत नाही, ते बांधायची स्क्रिप्ट मिळते. प्रत्येक सॉफ्टवेअरचं एक छोटं फोल्डर असतं. त्यात बांधणीची स्क्रिप्ट, रीडमी, पॅकेजचं चार ओळींचं वर्णन आणि एक 'इन्फो' फाइल. सोर्स कुठून उतरवायचा, त्याचा एमडी५ चेकसम काय, स्क्रिप्ट कोण सांभाळतं, हे सगळं इन्फो फाइलमध्ये असतं. त्यातच 'रिक्वायर्स' नावाची एक ओळ असते. स्लॅकवेअर १४.० च्या वेळी, म्हणजे २०१२ मध्ये, ती आली. त्या सॉफ्टवेअरला जे असल्याशिवाय चालणारच नाही, त्यांची नावं त्या ओळीत. असलं तर बरं, नसलं तरी चालेल, असं जे काही असेल ते त्या ओळीत नसतं. ते रीडमीत असतं. पुढच्या साऱ्या गोष्टीची मेख इथेच आहे.

एकेक फोल्डर उघडून, सोर्स उतरवून, हाताने बांधत बसण्याऐवजी 'एसबीओपीकेजी' हे साधन वापरलं जातं. भांडाराची प्रत यंत्रावर आणायची, पॅकेज निवडायचं, की सोर्स उतरवणं, चेकसम तपासणं, बांधणं आणि बसवणं हे सगळं ते साधन क्रमाने करतं. दहा-वीस पॅकेजेस एकामागून एक बांधायची असली तर त्याला क्यू फाइल द्यायची. क्यू फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नावाच्या शेवटी एसक्यूएफ. एका ओळीवर एक पॅकेज, वरून खाली बांधत जायचं. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टिपण. पॅकेजच्या नावाआधी वजा चिन्ह टाकलं की ते रांगेत दिसतं पण बांधलं जात नाही. नावापुढे उभी रेघ मारून त्या पॅकेजचे पर्याय लिहिता येतात, आणि ॲट चिन्ह टाकून एका क्यू फाइलमध्ये दुसरी ओवता येते. इतकं साधं असल्यामुळेच ते मला आवडतं. एखाद्या यंत्रावर काय, कोणत्या क्रमाने, कोणत्या पर्यायांसह बांधलं, हे एका पानात मावतं आणि कुणालाही वाचता येतं.

आता घडलं ते. स्लॅकवेअर १५.० फेब्रुवारी २०२२ मध्ये आलं. त्याच्या आधीचं १४.२ हे २०१६ चं, मध्ये जवळपास सहा वर्षांचं अंतर. नकाशांच्या यंत्रावर १५.० बसवल्यावर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पुन्हा बांधायचं होतं. एका परिचितांनी मायेने स्वतःची क्यू फाइल पाठवली. ती १४.२ च्या काळातली होती. तीत पायथन ३ आणि क्यूटी ५ यांच्याही ओळी होत्या, कारण तेव्हा ते भांडारातून बांधावे लागत, १५.० मध्ये ते मुळातच येतात. आमच्या तरुण सहकाऱ्याने त्या ओळी काढल्या आणि रांग रात्री लावून दिली. सकाळी मी पोहोचले तर तो खुशीत होता. "ताई, सगळं ओके आलंय." आणि खरंच, शेवटच्या गोषवाऱ्यात प्रत्येक पॅकेजसमोर चेकसम ओके, बांधणी ओके, बसवणी ओके. क्यूजीआयएस उघडलं, जुना प्रकल्प दिसला, ओढ्यांची रेघ दिसली. माऊसने निवडून ओढ्याभोवतीचा पट्टा काढला, तोही निघाला.

संध्याकाळी आमची नेहमीची स्क्रिप्ट लावली. ती प्रत्येक गावाच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना ठरावीक रुंदीचा बफर काढते, त्यावरून कुठल्या गटातली जमीन बंधाऱ्याच्या कामात येते ते कळतं. हे काम ती जीडॅल या लायब्ररीसोबत येणाऱ्या 'ओजीआर टू ओजीआर' या कमांडने करते, आणि प्रश्न एसक्यूएललाइटच्या बोलीत विचारते. पहिल्याच गावाला ती अडकली. पडद्यावर एवढंच आलं: 'नो सच फंक्शन: एसटी बफर'.

एकाच यंत्रावर माऊसने बफर निघतो आणि स्क्रिप्टने निघत नाही, हे पाहून माणूस स्क्रिप्टला दोष देतो. आमच्याकडेही तेच झालं; सहकारी स्क्रिप्टच्या ओळी उलटसुलट करून पाहत बसला. कारण मात्र रांगेच्या क्रमात होतं. क्यूजीआयएसचं बफरचं साधन जिओस या लायब्ररीकडून काम करून घेतं, आणि जिओस जागेवर होती. स्क्रिप्टमधलं 'एसटी बफर' हे फंक्शन मात्र स्पेशियालाइटचं, आणि ते जीडॅलमधून मिळण्यासाठी जीडॅल बांधला जात असताना स्पेशियालाइटची लायब्ररी, म्हणजे लिबस्पेशियालाइट, यंत्रावर हजर असावी लागते. रांगेत प्रोज, जिओस, जीडॅल, मग फ्रीएक्सएल, लिबस्पेशियालाइट आणि शेवटी क्यूजीआयएस असा क्रम होता. लिबस्पेशियालाइट रांगेत होतं, क्यूजीआयएसला ते स्वतःलाच लागतं म्हणून. पण ते जीडॅलच्या नंतर. जीडॅल बांधणीच्या सुरुवातीला यंत्रावर काय काय आहे ते चाचपतो; जे सापडेल त्याचा आधार घेतो, जे सापडणार नाही त्याच्याविना तयार होतो. त्याला हे वावगं वाटत नाही, म्हणून चूक दाखवायचा प्रश्नच येत नाही. बांधणी ओके ती ओकेच.

भिंतीला गिलावा झाल्यावर वायरिंगची नळी आणून ठेवावी तसं हे. सामान घरात आहे, दिवा लागत नाही.

आम्ही बांधणीचा लॉग काढला. एसबीओपीकेजी तो व्हारमधल्या लॉग फोल्डरात ठेवतं. गोषवारा चार ओळींचा असतो, लॉग हजारो ओळींचा, आणि लोक वाचतात तो गोषवारा. जीडॅलच्या त्या आवृत्तीत बांधणीपूर्वीची चाचपणी संपल्यावर एक लांबलचक यादी छापली जाते: अमुक सपोर्ट येस, तमुक सपोर्ट नो. तिच्यात स्पष्ट होतं: 'स्पेशियालाइट सपोर्ट: नो'. याहून सोपी खात्री हवी असेल तर एलडीडी ही कमांड जीडॅलच्या लायब्ररीवर चालवा. ती लायब्ररी कोणाकोणाच्या खांद्यावर उभी आहे त्याची यादी मिळते. आमच्या यादीत स्पेशियालाइटचं नाव नव्हतं. मी आता कुठलंही मोठं पॅकेज बांधून झालं की हीच तपासणी आधी करते, प्रोग्राम उघडून पाहणं नंतर. प्रोग्राम उघडणं हा फार कच्चा पुरावा आहे. ज्या कामासाठी तो हवा आहे तेच काम त्याच्याकडून एकदा करून घ्या, आणि शक्य असेल तर जुन्या यंत्रावरचं उत्तर शेजारी ठेवून ताडून पाहा.

यावरचा इलाज सोपा वाटतो: क्रम बदला, लिबस्पेशियालाइट आणि फ्रीएक्सएल जीडॅलच्या वर न्या, रांग पुन्हा लावा. इथे दुसरा खड्डा आहे आणि त्यात पडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या भागात रात्री वीज जाते. रांग अर्ध्यात तुटली की पुन्हा पहिल्यापासून सगळं बांधायला लागू नये म्हणून एसबीओपीकेजीला 'के' हा पर्याय देतात. जे पॅकेज आधीच बसलेलं आहे ते तो सोडून देतो. तुटलेली रांग पुढे न्यायला तो उत्तम आहे. पण सवयीने तोच पर्याय देऊन दुरुस्त केलेली रांग लावली तर काय होईल? जीडॅल बसलेला आहेच, म्हणून तो वगळला जाईल. लिबस्पेशियालाइटही बसलेलं आहे, तेही वगळलं जाईल. रांग क्षणात संपेल, चूक एकही नाही, आणि बफर तरीही निघणार नाही. म्हणून क्रम दुरुस्त केल्यावर ज्याची बांधणी खरोखर बदलायला हवी ते पॅकेज 'के'शिवाय, एकटं, पुन्हा बांधा. आम्ही फक्त जीडॅल बांधला. आवृत्ती तीच होती, लायब्ररीचा क्रमांक तोच होता, म्हणून क्यूजीआयएसला हात लावावा लागला नाही. आमच्या यंत्रावर क्यूजीआयएस बांधायला लागणारा वेळ पाहता ही मोठीच बचत.

क्यू फाइल आपोआप बनवून देणारं 'एसक्यूजी' हे साधन आहे, मग हाताने क्रम लावायची गरज काय, असं मला विचारतात. एसक्यूजी जरूर वापरा. पॅकेजचं नाव द्यायचं, ते रिक्वायर्सच्या ओळी वाचत वाचत मुळापर्यंत जातं आणि बरोबर क्रमाने रांग लिहून देतं. मीही सुरुवात त्याच्यापासूनच करते. पण ते वाचतं ती रिक्वायर्सची ओळ. रीडमीतल्या ऐच्छिक गोष्टी त्याला दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी तुम्हाला त्यातलं काय हवं हे त्याला कसं कळणार? काही पॅकेजेसच्या रिक्वायर्समध्ये तर टक्केवारीच्या दोन खुणांमध्ये 'रीडमी' असंच लिहिलेलं असतं. याचा अर्थ सांभाळणारा माणूस तुम्हाला हाताला धरून सांगतो आहे की इथे आपोआप ठरवण्यासारखं नाही, आधी वाचा. ती खूण दिसली की थांबा.

म्हणून माझी पद्धत अशी. एसक्यूजीकडून रांग काढायची, तिची प्रत वेगळ्या नावाने ठेवायची, आणि बदल त्या प्रतीतच करायचे. मग रांगेतल्या प्रत्येक पॅकेजचा रीडमी वाचायचा. कंटाळा येतो, पण बहुतेक रीडमी अर्ध्या पानाचे असतात. ऐच्छिक गोष्टींपैकी जी आपल्या कामाला हवी ती ओळ, ज्याला ती हवी त्याच्या वर घालायची. आणि वर हॅश टाकून कारण लिहायचं. आमच्या फाइलमध्ये लिबस्पेशियालाइटच्या डोक्यावर लिहिलेलं आहे: 'जीडॅलच्या आधीच हवं. नाहीतर ओढ्यांची स्क्रिप्ट चालत नाही.' मराठीतच लिहिलं आहे. फाइलच्या सुरुवातीला स्लॅकवेअरची आवृत्ती आणि तारीख. परिचितांच्या फाइलमध्ये एक जरी अशी टिपणाची ओळ असती तर ती कोणत्या आवृत्तीसाठी, कोणाच्या कोणत्या कामासाठी लिहिली होती हे आम्हाला कळलं असतं. त्यांच्या कामाला ती अगदी योग्य असणार. त्यांना स्पेशियालाइटच्या फंक्शनची गरज नसेल. दुसऱ्याची क्यू फाइल म्हणजे दुसऱ्याच्या गरजांचा क्रम. तो वाचून घ्या, जसाच्या तसा चालवू नका.

आणखी एक कारण आहे वाचायचं. या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात. भांडारात येणारी प्रत्येक स्क्रिप्ट तिथले व्यवस्थापक तपासून घेतात, तिच्यावर डिजिटल सही असते, आणि मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर आहे. तरी सोर्स येतो तो बाहेरून. चेकसम जुळला नाही की एसबीओपीकेजी विचारतं, पुढे काय करू? त्या वेळी 'राहू दे, बांध' म्हणणं टाळा. चेकसम बिघडण्याची कारणं निरुपद्रवीही असतात. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने आपोआप बनणाऱ्या सोर्सच्या गठ्ठ्यांची दाबण्याची पद्धत बदलली आणि जगभर चेकसम जुळेनासे झाले. त्यांनी तो बदल लगेच मागे घेतला. पण कारण निरुपद्रवी होतं हे चौकशी केल्यावर कळलं. चौकशी करायची ती बांधण्याआधी. अर्धवट उतरलेली फाइल हे आमच्याकडचं नेहमीचं कारण. सोर्सच्या साठ्यातून ती पुसून पुन्हा उतरवली की बहुतेकदा काम भागतं.

रांग रात्रीची लावणार असाल तर यंत्राची कुवत पाहून लावा. मेकफ्लॅग्ज या सेटिंगमध्ये जेवढे कोअर तेवढी कामं असं लिहायची पद्धत आहे. आठ कोअर आणि आठ जीबी रॅम असलेल्या यंत्रावर सी प्लस प्लसचं मोठं सॉफ्टवेअर बांधताना एकेक कंपायलर गिगाबाइटच्या घरात मेमरी मागतो, आणि मग कर्नल त्यातल्या एकाला ठार करतो. लॉगमध्ये 'किल्ड' आणि 'सीसी वन प्लस' असे शब्द दिसले तर सोर्समध्ये दोष शोधू नका; एकावेळची कामं कमी करा. तसंच, तयार पॅकेजेस मुळात टेम्प फोल्डरात पडतात. ज्यांनी टेम्प रॅममध्ये ठेवलं आहे त्यांची मोठी बांधणी जागेअभावी मरते, आणि जगली तरी यंत्र बंद होताच पॅकेजेस जातात. एसबीओपीकेजीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आउटपुटची जागा बदलून ती डिस्कवरच्या कायमच्या फोल्डरात करा. बांधलेलं प्रत्येक पॅकेज जपून ठेवा.

ते जपण्याचं महत्त्व अद्ययावत करायची वेळ आली की कळतं. एसबीओपीकेजी 'सी' या पर्यायाने भांडारात काय नवं आलं ते दाखवतं. त्या यादीत प्रोजसारखं पायातलं पॅकेज दिसलं तर हात आखडता घ्या. प्रोजच्या ८ व्या मालिकेच्या लायब्ररीवर २२ हा क्रमांक असतो, ९ व्या मालिकेच्या लायब्ररीवर २५. एकटा प्रोज वर नेला की २२ क्रमांकाची फाइल जाते, आणि तिच्यावर बांधलेला जीडॅल, लिबस्पेशियालाइट, क्यूजीआयएस सगळेच 'लायब्ररी सापडत नाही' म्हणून उघडायचे थांबतात. स्लॅकवेअर यातलं काही आधी सांगणार नाही. म्हणून वर नेण्याआधी उलटा शोध घ्यायचा: भांडाराच्या प्रतीतल्या सगळ्या इन्फो फायलींमध्ये ग्रेपने रिक्वायर्सच्या ओळीत प्रोज शोधायचा. जी नावं येतील त्यांपैकी जी तुमच्या यंत्रावर आहेत, ती सगळी प्रोजनंतर, रांगेतल्याच क्रमाने, पुन्हा बांधायची. इथेही टिपणं लिहिलेली तुमची स्वतःची क्यू फाइलच उपयोगी पडते, कारण ऐच्छिक नाती ग्रेपलाही सापडत नाहीत. आणि काही बिनसलंच तर जपून ठेवलेलं जुनं पॅकेज 'अपग्रेडपीकेजी'ला द्यायचं. नव्याच्या जागी जुनं बसवायला ती कमांड का-कू करत नाही. उद्या नकाशे द्यायचे असताना मला हे दोनदा विचार न करता करता आलं पाहिजे.

शेवटचं सावधगिरीचं काम रांग पूर्ण झाल्यावर लगेच करायचं आहे. स्लॅकवेअरचे स्वतःचे सुरक्षा अपडेट 'स्लॅकपीकेजी' या साधनाने येतात. त्यात 'क्लीन सिस्टम' नावाची एक आज्ञा आहे. नव्या माणसाला ती झाडलोट वाटते. तिचं काम आहे मूळ वितरणात नसलेली पॅकेजेस शोधून ती काढायला समोर ठेवणं, आणि तुम्ही रात्र घालवून बांधलेली सगळी रांग तिच्या दृष्टीने परकीच असते. भांडारातून बांधलेल्या प्रत्येक पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'एसबीओ' ही खूण असते. १५.० मध्ये स्लॅकपीकेजीच्या ब्लॅकलिस्ट फाइलमध्ये या खुणेची सगळी पॅकेजेस वगळणारी एक ओळ आधीच लिहून ठेवलेली आहे, फक्त तिच्यापुढे हॅश आहे. तो हॅश काढा, फाइल जतन करा, आणि मगच त्या यंत्रावर स्लॅकपीकेजी चालवा.